टेक्स्ट एडिटर आणि रोजकीर्द

संगणकाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांत एक वाद नेहमी रंगतो. टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्या-खोडण्याचे साधन, कोणत्या भाषेत रचावे? सी किंवा रस्टसारख्या कंपाइल होणाऱ्या भाषेत, की जावास्क्रिप्ट वा लिस्पसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत? पहिल्या प्रकारात सारा प्रोग्राम आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतात. दुसऱ्यात तो चालता चालता उलगडला जातो. तेव्हा पहिला प्रकार वेगवान, म्हणून तोच श्रेष्ठ, असा निकाल पुष्कळजण देऊन मोकळे होतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; तरीही हा निकाल मला घाईचा वाटतो.

मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडचे उदाहरण घेऊ. २०१५ साली आलेला हा एडिटर टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला असून जावास्क्रिप्ट म्हणून चालतो. एकाने त्यात ३५ मेगाबाइटची फाइल उघडली, तर मेमरीच संपली! फाइलमध्ये १ कोटी ३७ लाख ओळी होत्या आणि एडिटर प्रत्येक ओळीचे स्वतंत्र खाते उघडत होता. त्या खात्यांनाच सुमारे ६०० मेगाबाइट लागत. कर्त्यांनी सी++ चा मार्गही तपासला. पण दोन भाषांमध्ये मजकुराची ने-आण करण्यातच मिळालेला वेग खर्ची पडू लागला. अखेर २०१८ मध्ये त्यांनी भाषा तीच ठेवून मांडणी बदलली आणि प्रश्न सुटला.

ही नवी मांडणी 'पीस टेबल' या जुन्या पद्धतीवर आधारलेली आहे. तीत मूळ मजकुराला हात लावत नाहीत. नवा मजकूर दुसऱ्या जागी शेवटी जोडत जातात आणि कोणता तुकडा कोठून घ्यायचा, एवढी यादी तेवढी बदलतात. रोजकीर्द लिहिणाऱ्याला यात नवल वाटू नये. जुनी नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची नोंद वेगळी घालायची, हा आपल्या पहिल्या वर्षाचाच धडा आहे.

याला विरोधी दाखलाही आहे. २०१४ साली आलेला अ‍ॅटम हा एडिटरही जावास्क्रिप्टच्या कुळातला. तो जड आणि मंद असल्याची तक्रार कायम राहिली व डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. त्याच्याच कर्त्यांपैकी काहींनी पुढे झेड हा एडिटर रस्टमध्ये लिहिला आणि तो चपळ आहे. तेव्हा भाषेने काहीच फरक पडत नाही, असे मी म्हणणार नाही. जिथे क्षणाक्षणाचा हिशेब लागतो, तिथे कंपाइल होणारी भाषाच हवी.

परंतु वेग हा एकच निकष का असावा? १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसृत केलेला जीएनयू ईमॅक्स आजही वापरात आहे. त्याचा गाभा सी भाषेत आणि वरचा बराचसा डोलारा लिस्पमध्ये आहे. इंग्रजी कळफलकावरून देवनागरी किंवा कन्नड उमटवण्याची त्यातली कोष्टके लिस्पमध्येच लिहिली आहेत. एखादे जोडाक्षर आपल्या सोयीच्या कळांनी उमटावे असे वाटले, तर आपण ते कोष्टक उघडून वाचू शकतो, बदलू शकतो, आणि एडिटर बंद न करता बदल लागू करू शकतो. तेच कोष्टक गाभ्यात बांधून टाकले असते, तर प्रत्येक लहानशा बदलासाठी सारा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागला असता. सामान्य विद्यार्थी त्या वाटेला जातच नाही. जे मिळाले त्यावर भागवतो. आपल्यासारख्या, दोन लिपींत रोज लिहिणाऱ्यांना हा फरक सेकंदाच्या शतांशापेक्षा मोठा आहे.

म्हणून एडिटर लिहू पाहणाऱ्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. आधी स्क्रिप्टिंग भाषेत लिहा, मांडणी नीट करा, मग मोजा. जो भाग खरोखरच रखडतो तेवढाच सी किंवा रस्टमध्ये न्या. आणि वापरणाऱ्याला जे बदलावेसे वाटेल, ते त्याच्या हाताशी राहू द्या. मग तो मराठीत लिहिणारा असो की कन्नडमध्ये.