आधी भाकर, मग वाणी



तुमच्यापैकी काहीजण हे पान इस्पितळातल्या बाकावर बसून मोबाइलवर वाचत असतील. कुणाची नोकरी गेली असेल, तर कुणी परभाषेच्या शहरात एकटीने घर सावरत असेल. अशा वेळी माणसे धीर द्यायला येतात आणि हमखास म्हणतात, "देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण चार रात्री जागून काढलेल्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते, की आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे.

म्हणून आज पवित्र शास्त्रातल्या एका थकलेल्या माणसाकडे जाऊ या. १ राजे, अध्याय १९. अवघ्या २१ वचनांचा अध्याय आहे. जमले तर आज रात्री वाचा.

हा माणूस म्हणजे एलीया संदेष्टा. इ.स.पू. नवव्या शतकात इस्राएलवर अहाब राजा राज्य करीत होता, त्या काळातला. आदल्या अध्यायात तो कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिला आणि देवाने अग्नी पाठवून त्याची प्रार्थना ऐकली. लोकांनी जयजयकार केला, बआलचे संदेष्टे मारले गेले, वर्षानुवर्षे न पडलेला पाऊसही पडला. एवढे सगळे पाहिलेल्या माणसाला आता कसली भीती? पण ईजबेल राणीचा निरोप येतो, की उद्या या वेळेपर्यंत तुझाही जीव घेईन, आणि एलीया पळत सुटतो. इज्रेलपासून थेट दक्षिणेला बैर-शेबापर्यंत. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर भरते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा आपल्या नजरेतून सुटते. बैर-शेबाला त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले आणि पुढे रानात तो एकटाच गेला. खचलेला माणसू आधी हेच करतो ना? फोन उचलत नाही, दार उघडत नाही, प्रार्थनासभेला जाणे सोडतो.

एक दिवसाची वाट चालून तो रतामाच्या झुडपाखाली बसला. हे वाळवंटातले झुडूप आहे, त्याची सावली विरळच. तिथे त्याने देवाजवळ मरण मागितले. आता पुरे, मी माझ्या पूर्वजांपेक्षा काही चांगला नाही, असे म्हणाला आणि झोपी गेला.

आता देव काय करतो ते पाहा. कर्मेलची आठवण करून देत नाही, "इतके पाहिलेस तरी असा कसा रे?" असे विचारत नाही. देवदूत येऊन त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. तरीही कुणी रागावत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा हात लावतो आणि म्हणतो खा, पुढची वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. देवाला त्याचा थकवा ठाऊक होता. भाकर त्याच हिशेबाने आली होती.

माझ्या मते या अध्यायाचा गाभा इथे आहे, जरी प्रवचने बहुधा पुढच्या डोंगरावर होतात. आजाऱ्याजवळ बसलेल्या बाईने दोन तास झोप काढली, शेजारणीने आणलेली खिचडी पोटभर खाल्ली, तर तिचा विश्वास कमी पडत नाही. ती खिचडी आली तेव्हा देव जवळच होता. आणि मरणाचे विचार तुमच्या मनात घर करून बसले असतील, तर ते आजच घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांनाही सांगा. एलीयाने समोर आलेली भाकर नाकारली नाही. तुम्हीही मदत नाकारू नका.

त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस आणि ४० रात्री चालून होरेब डोंगरावर पोहोचला. तिथे खडक फोडणारा वारा आला, भूमिकंप झाला, अग्नी आला. पण परमेश्वर त्यांत नव्हता. मग आली एक शांत, मंद वाणी. ती ऐकताच एलीयाने झग्याने तोंड झाकून घेतले.

आता वाटते, की तो एकदम सावरला असेल. तसे झाले नाही. तू इथे काय करतोस, असे देव त्याला दोनदा विचारतो, आणि त्या वाणीच्या आधी आणि नंतरही एलीयाचे उत्तर तेच आहे. मीच एकटा उरलो आहे, आणि ते माझाही जीव घेऊ पाहतात. देवाचे सान्निध्य लाभले म्हणजे दुःख त्याच दिवशी विरघळते असे नाही, हे शास्त्रच किती मोकळेपणाने सांगते! तुमची प्रार्थना महिनोन्‌महिने त्याच त्या शब्दांत होत असेल, तर ती तशीच चालू द्या. देव दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकून घेतो.

आणि ऐकल्यावर त्याला परतीची वाट दाखवतो, हातात काम देतो. बआलपुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक इस्राएलात आहेत, हेही सांगतो. एलीयाला त्यांतला एकही दिसत नव्हता. पण ७००० हा झाला आकडा. त्याला जेवताना समोर बसणारे कुणीतरी हवे होते. म्हणून देव एक नावही देतो, अलीशा, शाफाटाचा पुत्र. एलीया परत निघाला तेव्हा हा तरुण शेतात नांगर हाकत होता, १२ जोड्यांपैकी बाराव्या जोडीमागे. एलीयाने जाता जाता आपला झगा त्याच्या अंगावर टाकला. अलीशाने आईवडिलांचा निरोप घेतला, गावाला जेवण घातले आणि तो त्याच्यामागे निघाला. पुढे लोक त्याची ओळख सांगत ती अशी, की एलीयाच्या हातावर पाणी घालणारा तो हाच.