आठ आकडे आणि खानदेशी ऊन

फ्रीक्वेन्सी काउंटरवर आठ आकडे दिसले की आपल्याला ती काळ्या दगडावरची रेघ वाटते. त्यात कॉलेजच्या लॅबची सवय: दहा रीडिंग घ्या, सरासरी काढा, जर्नलमध्ये उतरवा. पण मंडळी, सरासरीने फक्त इकडेतिकडे उडणारी चूक कमी होते. काउंटरचं घड्याळच पुढे धावत असेल तर दहा हजार रीडिंग घेतलीत तरी सगळी एकाच बाजूला चुकणार.

काउंटर आतल्या क्रिस्टलवर एक सेकंद ठरवतो आणि तेवढ्यात आलेले पल्स मोजतो. स्वस्त क्रिस्टलचा आकडा दिलेला असतो २५ अंशांचा. जळगावात मे महिन्यात पारा ४५च्या वर, धुळ्यात जानेवारीत सहा-सात अंशांपर्यंत खाली. बंद डब्यातली गरमी वेगळीच. आता काढा सरासरी!

यावर उपाय स्वस्त आहे. साध्या जीपीएस मॉड्यूलमधून दर सेकंदाला एक अचूक पल्स मिळतो. त्यावर काउंटरचं स्वतःचं १० मेगाहर्ट्झचं घड्याळ १००० सेकंद मोजा. यायला हवेत १०,००,००,००,००० पल्स. समजा ५०,००० जास्त आले. म्हणजे घड्याळ दशलक्षात ५ भाग पुढे. इथे बरेच जण उलटं करतात. घड्याळ पुढे म्हणजे त्याचा सेकंद आखूड, म्हणून रीडिंग कमी येतं; तेव्हा १.०००००५ ने गुणायचं, भागायचं नाही. १४४ मेगाहर्ट्झवर हा फरक ७२० हर्ट्झ होतो. एसएसबीवर बोलणाऱ्या हॅम मंडळींना विचारा, एवढ्यात समोरच्याचा आवाज कसा होतो ते.

मे महिन्यातला गुणक जानेवारीत चालणार नाही. क्रिस्टलला चिकटून तापमानाचा सेन्सर लावा आणि तापमानानुसार गुणकांचं टेबल कोडमध्ये ठेवा, तारखेसकट, कारण क्रिस्टल म्हाताराही होतो. स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रिमर पिळणं मला मुळीच पटत नाही. कोणी, कधी, किती पिळला याची नोंद कुठे असते?

अर्थात दर वेळी क्रिस्टललाच धरू नका. घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ एक सेकंद मोजले तर एका पल्सच्या फरकानेच १ हर्ट्झ इकडेतिकडे. २००२ साली पश्चिम ग्रिडमध्ये ठरल्यापेक्षा कमीजास्त घेतलेल्या विजेचा दर फ्रीक्वेन्सीवर ठरू लागला, तोही ०.०२ हर्ट्झच्या पायऱ्यांनी! तिथे महागडा क्रिस्टल घेऊन उपयोग नाही. एका सायकलला लागणारा वेळ मोजायचा: १० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे दोन लाख पल्स. मग उन्हाने सरकलेला क्रिस्टलही चालून जातो.