पाठीवरचे उत्तर

जुन्या फ्रेंच चित्रांकित ताटल्यांच्या बाजारात ‘निर्दोष’ हा शब्द फार पूज्य मानला जातो. ताटलीला तडा नको, कड उडालेली नको आणि मुख्य म्हणजे चित्रावर सुरीचे ओरखडे नकोत. थोडक्यात, जिच्यावर कुणी कधी जेवलेच नाही ती ताटली सर्वांत मोलाची! या मूल्यकल्पनेला माझा आक्षेप आहे, आणि तो वाङ्मयीन आहे.

फ्रेंचमध्ये या ताटल्यांना ‘आसिएत पार्लांत’, म्हणजे ‘बोलक्या ताटल्या’, असे नाव आहे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र आणि मजकूर कोरायचा, त्यात धातूच्या ऑक्साइडचा रंग भरून पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो ठसा भांड्यावर दाबून उतरवायचा आणि भांडे भट्टीत भाजायचे, अशी ही रीत. इंग्लंडमधले हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये रुजले. पुढे क्रेई, मोंतरो, श्वाझी, सारगमीन, जियां अशा ठिकाणच्या कारखान्यांतून ला फोंतेनच्या बोधकथा, नेपोलियनच्या लढाया, म्हणी, सैनिकी विनोद आणि चित्रकोडी घरोघरच्या जेवणाच्या मेजांवर पोचली. बहुधा बारा ताटल्यांचा संच असे आणि प्रत्येकीवर क्रमांक छापलेला असे.

तांब्याचा ठसा, कागद, मजकूर, क्रमांक. याला मुद्रण म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? १८३६ मध्ये पॅरिसच्या ‘ला प्रेस’ या दैनिकात बाल्झाकची कादंबरी क्रमशः आली, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. मात्र त्याच काळात क्रमवार छापून विकल्या जाणाऱ्या या ताटल्यांकडे आपण ‘हस्तकला’ म्हणून पाठ फिरवतो. ग्रंथ म्हणजेच साहित्य, या आपल्या अंधश्रद्धेमुळेच हा प्रांत व्यापाऱ्यांच्या हाती गेला.

आणि त्यांनी त्याचे काय केले? संच फोडले. क्रमांक तीनची ताटली एका भिंतीवर, क्रमांक सातची दुसऱ्या खंडात. कोड्यांच्या ताटल्यांची गत तर अधिकच बोलकी आहे. त्यांपैकी अनेकींवर कोडे समोर आणि उत्तर पाठीवर छापलेले असते. जेवण संपावे, कोड्यावर वाद व्हावा आणि मग ताटली उलटून पाहावी, असा हा बेत. अशी ताटली भिंतीला टांगली की उत्तर भिंतीकडे तोंड करून कायमचे मुके होते.

संग्राहक नसते तर या ताटल्या उरल्याच नसत्या, असे यावर म्हटले जाईल. ते खरेच आहे. पण संग्राहक शांफ्लरीसारखाही असू शकतो. या फ्रेंच कादंबरीकाराने १८६७ मध्ये क्रांतिकाळातील देशभक्तिपर मृद्भांड्यांचा इतिहास लिहिला. ती भांडी याहून जुनी, हाताने रंगवलेली. परंतु त्यांवरच्या घोषवाक्यांकडे आणि चिन्हांकडे त्याने लोकमनाची साक्ष म्हणून पाहिले. संग्राहकाच्या वेडाची चेष्टा करणारी ‘फायांसचे व्हायोलिन’ ही कथाही त्याचीच. हा रोग त्याने आतून ओळखला होता. त्याच्यासाठी जमवणे ही वाचण्याची पूर्वतयारी होती.

म्हणून सुरीच्या ओरखड्यांची बाजू घ्यायला हवी. जुन्या पोथीच्या समासातल्या टिपा आपण जपतो, कारण तिथे एक वाचक होऊन गेल्याची खूण असते. ओरखडे म्हणजे तशाच खुणा. लिहिता न येणाऱ्यालाही त्या मागे ठेवता आल्या. रश्शाखालून हळूहळू उघडा पडणारा कोल्हा आणि कावळा कितीदा तरी पाहिल्याची ती नोंद आहे. निर्दोष ताटली सुंदर असेल, पण वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने ती पाने न कापलेल्या पुस्तकासारखी आहे. तिला वाचक मिळालाच नाही.

असो. संग्रहालयात अशी ताटली दिसली, तर तिची पाठ पाहायला मागावी. नकार मिळाला तरी चालेल. मागणी नोंदवली गेली पाहिजे.