आरशात चूकही तशीच उमटते

बेसमेंटच्या कोपऱ्यात एक छोटा सर्व्हर आणि त्यात एकसारख्या दोन डिस्क. मुलांचे फोटो, भारतातल्या लग्नांचे व्हिडिओ, आजीच्या आवाजातल्या ओव्या, सगळं त्यावर. एडिसनमधल्या तुमच्या घरी अशी व्यवस्था असेल आणि जागा कमी पडू लागली असेल, तर व्हॉल्यूमचा आकार बदलण्याआधी हे वाचा. माझं म्हणणं एवढंच, की दोन डिस्क म्हणजे दोन प्रती हा समज आधी सोडून द्या.

रेड-१ किंवा मिररिंग म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं जातं ते त्याच वेळी दुसऱ्या डिस्कवरही लिहिलं जातं. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहतं. पण तुम्ही फोल्डर पुसलात, तर तो दोन्हीकडून पुसला जातो. आरशाला बरोबर-चूक कळत नाही.

या जोडीवर लिनक्समध्ये बहुधा एलव्हीएम असतं. चाळीतल्या एका मोठ्या खोलीत लाकडी पार्टिशन घालून दोन बिऱ्हाडं करावीत, तसंच हे. पार्टिशन म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूमची हद्द आणि आतलं सामान म्हणजे फाइल सिस्टिम. जागा वाढवायची तर आधी पार्टिशन सरकवा, मग सामान पसरा. ईएक्सटी-४ मध्ये हे सर्व्हर चालू असतानाही होतं.

कमी करताना क्रम नेमका उलटा. व्हॉल्यूम अनमाउंट करा, फाइल सिस्टिम तपासा, आधी ती लहान करा आणि मगच व्हॉल्यूम. १००० जीबीचा व्हॉल्यूम ६०० वर आणायचा असेल, तर फाइल सिस्टिम आधी ५९० वर आणा, मग व्हॉल्यूम ६०० करा आणि शेवटी फाइल सिस्टिम पसरून उरलेली जागा भरा. आधी पार्टिशन सरकवलंत तर कपाटच कापलं जाईल, आणि तेही दोन्ही डिस्कवर एकाच वेळी. एक्सएफएस वाढवता येतं, पण लहान करण्याची सोय त्यात जवळपास नाहीच.

म्हणून माझा पहिला आग्रह: सुरुवातीला व्हॉल्यूम लहान ठेवा आणि ग्रुपमध्ये मोकळी जागा राखून ठेवा. वाढवणं सोपं आहे, कमी करणं जोखमीचं. सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकण्याची घाई कशाला?

दुसरा आग्रह बॅकअपचा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, पण ऐन वेळी त्या कामाला आल्या नाहीत. शेवटी उपयोगी पडली ती सुमारे सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटची प्रत. ती दुसऱ्या सर्व्हरवर नेलेली होती, म्हणून वाचली. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहिला, तर डिस्कबरोबर तोही जातो.

आणि डिस्क जायला आज्ञाच चुकायला हवी असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीतली किती बेसमेंटं भरली, ते इथल्या लोकांना सांगायला नको. तेव्हा एक प्रत घराबाहेर हवीच: क्लाउडवर, नाहीतर पुण्याच्या बहिणीच्या कपाटातल्या डिस्कवर. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतून चार फाइल परत आणून उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

आपल्या गावातल्याच मेन्लो पार्कमध्ये १८७७ साली थॉमस एडिसनने स्वतःचा आवाज पत्र्याच्या पातळ वर्खावर उमटवून परत ऐकला. तो वर्ख काही वेळा वाजवला की झिजून जायचा, आणि ते पहिलं ध्वनिमुद्रण आज उरलेलं नाही. त्याच्याकडे दुसरी प्रत करण्याचा सोपा मार्ग नव्हता. आपल्याकडे आहे. या शनिवारी आकार बदलायला बसणार असाल, तर शुक्रवारी रात्री ती प्रत करून ठेवा.