ट्यूनरचे स्क्रू फिरवण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने एक जुना एफ. एम. ट्यूनर पिशवीत घालून माझ्याकडे आणला. ट्यूनर म्हणजे स्वतःचा स्पीकर नसलेला रेडिओ. त्याचा आवाज ऐकावयाचा तर तो ॲम्प्लिफायरला जोडावा लागतो. मुलाच्या काकांनी तो १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत घेतला होता आणि परत येताना सोबत आणला होता. "सर, केंद्र लागतं, पण आवाज रजईखालून आल्यासारखा येतो," अशी त्याची तक्रार. दुरुस्तीवाल्याने सगळे कंडेन्सर बदलावे लागतील म्हणून सांगितले होते, तर घरच्यांनी भंगारात देण्याचे ठरवले होते. मग या पठ्ठ्याने स्वतःच झाकण काढून, आत जे स्क्रू दिसले त्यांपैकी तीन फिरवून पाहिले. आवाज सुधारला तर नाहीच, उलट निवेदिकेचा 'स' फाटू लागला, डायलवर केंद्रे सरकली आणि स्टिरिओचा दिवा लागेनासा झाला.

मी रागावलो नाही. त्याच्याच वयात मी पोलादी स्क्रू ड्रायव्हरने एका कॉइलचा फेराइट गाभा फोडला आहे. पण त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले, ते येथे मांडतो. जुन्या ट्यूनरचा आवाज सुधारावयाचा असेल तर आधी गणित करावे, मग मोजमाप आणि जुळणी करावी. चांगले भाग काढून 'भारी' भाग घालण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. आणि हे काम दुकानापेक्षा आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अधिक शोभते.

गणितापासून सुरुवात करू. एफ. एम. प्रक्षेपणात खरखर सर्व स्वरांवर सारखी नसते. स्वर जितका उंच तितकी ती अधिक. म्हणून केंद्रावर उंच स्वर आधीच वाढवून पाठवतात आणि ग्राहक संचात ते तेवढेच उतरवतात. आवाज मूळचा राहतो, खरखर मात्र कमी होते. किती वाढवावयाचे आणि किती उतरवावयाचे हे एक रोध व एक कंडेन्सर यांच्या गुणाकारावरून, म्हणजे कालस्थिरांकावरून ठरते. अमेरिकेत हा ७५ मायक्रोसेकंद धरतात. युरोपात आणि आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद. आता रजईचे रहस्य तुमच्या ध्यानात आले असेल. आपले केंद्र जेवढे वाढवते त्यापेक्षा तो अमेरिकन ट्यूनर जास्त उतरवत होता.

किती जास्त? वारंवारता म्हणजे १ भागिले (२ × पाय × रोध × धारिता) हे सूत्र तुमच्या पुस्तकात आहे. ७५ मायक्रोसेकंदांना सुमारे २,१२० हर्ट्झपासून उतार सुरू होतो, ५० ला सुमारे ३,१८० पासून. दोन्हींचा हिशेब १०,००० हर्ट्झला करून पाहा: तेथे स्वराची उंची, म्हणजे व्होल्टता, असावी त्याच्या ६८ टक्केच उरते. झांजेची चमक, टाळांचा किणकिणाट, व्यंजनांची धार सगळे बोथट. या संचात दोन्ही बाजूंना साडेसात किलोओहम रोध व ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. गुणाकार बरोबर ७५. तेथे ०.००६८ मायक्रोफॅरड लावला की ५१ येतो, म्हणजे पुरेसे जवळ. दोन कंडेन्सर, खर्च चहाच्या दोन कपांइतका! सगळे कंडेन्सर बदलले असते आणि हे दोन जुन्याच किमतीचे बसवले असते, तर रजई तशीच राहिली असती. (प्रत्येक परदेशी संचाला हा उपाय नाही. युरोपसाठी केलेल्या संचात ५० असतेच, आणि काहींच्या पाठीमागे ५० व ७५ यांचा खटका असतो. आधी पाहावे.)

आता फाटणाऱ्या 'स'कडे वळू. केंद्र १०१ मेगाहर्ट्झवर असेल तर ट्यूनरमधील आंदोलक १११.७ वर चालतो, आणि दोहोंतील फरक, १०.७ मेगाहर्ट्झ, पुढे फिल्टरमधून जातो. यानंतर येतो डिटेक्टर. वारंवारता बदलली की त्याची व्होल्टता बदलते. त्याचा आलेख काढला तर आडव्या पडलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. मधला भाग सरळ, टोके वाकलेली. केंद्राची वारंवारता मोठ्या आवाजाला दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलते. हा झोका सरळ भागाच्या मध्यावर नसेल तर एका बाजूचे टोक वाकलेल्या भागात जाते आणि आवाज फाटतो. 'स' आणि 'श' आधी फाटतात, कारण केंद्रावर उंच स्वर वाढवलेले असतात.

गंमत अशी की मध्य म्हणजे नेमका १०.७ नव्हे. चिनी मातीचे फिल्टर कारखान्यात तंतोतंत एकसारखे निघत नाहीत. म्हणून त्यांची प्रतवारी करून रंगीत ठिपके देत: लाल म्हणजे १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३. डिटेक्टर जुळवायचा तो छापील आकड्याशी नव्हे, तर आपल्या संचातील फिल्टरशी. त्यासाठी संकेताची ताकद दाखवणारा काटा सर्वांत वर जाईल असे केंद्र लावावे, दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या बिंदूवर मल्टिमीटर जोडावा आणि प्लॅस्टिकच्या हत्याराने डिटेक्टरचा गाभा अगदी हळू फिरवून व्होल्टता शून्यावर आणावी. दोन गाभे असतील तर दुसऱ्याला, विकृती मोजण्याचे उपकरण नसेल तर, हात लावू नये. सरकलेल्या डायलसाठी खालच्या टोकाला आंदोलकाची कॉइल व वरच्या टोकाला ट्रिमर आळीपाळीने तीन-चारदा जुळवावे लागतात, कारण एक हलवले की दुसरे बिघडते.

माझे एक सहकारी म्हणतात, कान हेच खरे मोजमाप. मला हे अर्धेच पटते. स्क्रू फिरवणाऱ्याला प्रत्येक बदल सुधारणाच वाटतो! म्हणून एकाने फिरवावे आणि दुसऱ्याने पाठ करून, काय फिरवले हे न कळता ऐकावे. आमच्या प्रयोगशाळेत मुलांनी तसे केले तेव्हा 'खूप फरक' पडलेल्या दोन बदलांपैकी एक कोणालाच ओळखता आला नाही.

फिल्टर बदलण्याची हौसही अशीच तपासून घ्यावी. स्टिरिओ प्रक्षेपणाला २ × (७५ + ५३), म्हणजे सुमारे २५६ किलोहर्ट्झ रुंदी लागते. १५० चा अरुंद फिल्टर बसवला तर दाटीतले दुबळे केंद्र सुटे होईल, पण संगीत खडबडीत होईल. शहरात केंद्रांच्या गर्दीत राहणाऱ्याने आणि तालुक्याच्या गावी एकच जोरकस केंद्र ऐकणाऱ्याने एकच 'सुधारणा' करणे मला हास्यास्पद वाटते. वीजपुरवठ्यातील सुकलेले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर मात्र खुशाल बदलावेत, आणि तेही जुळणीच्या आधी. व्होल्टता बदलली की जुळणी हलते.

शिक्षक मित्रांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, मोडले तर भरपाई कोण करणार, आणि आता एफ. एम. ऐकतो कोण? नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांचे एफ. एम. प्रक्षेपण बंद केले, हे खरे. आपल्याकडे १९७७ साली मद्रासला सुरू झालेले एफ. एम. अजून चालू आहे. पण ते उद्या बंद पडले तरी रोध व कंडेन्सरचा गुणाकार बदलणार नाही. जर्नलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग मुले उतरवून काढतात. येथे उत्तर कानाला ऐकू येते आणि ते चुकले तर तेही ऐकू येते. मोडण्याची भीती म्हणाल, तर संच तसाही भंगारात चालला होता. भीती बाळगावी ती विजेची. अमेरिकन संच ११० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० ला थेट लावला तर जळेल. व्हॉल्व्हच्या संचात तर दोनशेहून अधिक व्होल्ट असतात. शिक्षक शेजारी नसताना तो उघडूच नये.

फिरवण्यापूर्वी प्रत्येक गाभ्याची जागा पेन्सिलीने खुणावी आणि किती वळसे दिले ते वहीत लिहावे, एवढी एक अट मी घातली. त्या मुलाने आधी फिरवलेल्या तीन स्क्रूंपैकी दोन त्याला आठवले. तिसऱ्यापुढे वहीत 'आठवत नाही' असे आहे. तो स्टिरिओ विभागातील एक छोटा रोध निघाला. केंद्र नसताना तेथील तपासणी-बिंदूवर १९ किलोहर्ट्झ यावयास हवे होते, येत होते २१. तो शोधण्यात आमची एक संपूर्ण दुपार गेली.