वेडीवाकडी चित्रंच बरी!

मंडळी, एक मत स्पष्टच मांडतो, राग मानू नका. गणेशोत्सवात आपण मुलांकडून चित्रकथा करून घेतो, त्यात एआयने काढलेली चित्रं घेऊ नयेत.

हे मी तंत्रज्ञानाला घाबरून म्हणत नाही. आपल्यातले कितीतरी जण आयटीवरच पोट भरतात! पूर्वी ही यंत्रं पहिल्या चौकटीतला मावळा दुसरीत ओळखू येणार नाही असा काढत. आता चेहरा बराच सारखा राहतो. देवनागरी अक्षरं अजून बऱ्याचदा बिघडतात, पण तीही सुधारतील. चित्र वाईट येतं, अशी माझी तक्रारच नाही. ते आयतं येतं, ही आहे.

आपल्या फ्रँकफर्टचंच उदाहरण घ्या. १८४४ च्या नाताळात इथले डॉक्टर हाइनरिश हॉफमान तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं पुस्तक शोधत होते. एकही पसंत पडेना. शेवटी कोरी वही आणून त्यांनी स्वतःच गोष्टी रचल्या, चित्रं काढली. १८४५ मध्ये ती छापली गेली आणि पुढे 'श्ट्रुव्वेलपेटर' म्हणून जगभर गाजली. छपाईच्या वेळी कुणी आपली साधी चित्रं 'सुधारू' नयेत, म्हणून त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. त्यातला सूप नाकारणारा कास्पर पाहा. गुटगुटीत पोरगा चित्रागणिक वाळत जातो आणि शेवटी उरतं थडगं, वर सूपचं भांडं! किती वाळवायचा, कुठे थांबायचं, हे त्या बापाने ठरवलं. गोष्ट सांगणं म्हणजे हे ठरवणंच.

आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करत आले. एकेक चित्र समोर धरायचं आणि दोन चित्रांमधली जागा आपल्या आवाजाने भरायची. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आमची मुलं मात्र इंग्रजीत एक ओळ टाईप करतात आणि चार चौकटी तयार! मग आधी अफझलखान दाखवायचा की शामियाना, यावर घरात मराठीतून वाद होत नाही. मोदकाला कळ्या कशा पाडतात, हे विचारायला आजीला फोन जात नाही. इथे मराठी टिकते ती अशाच वादांत आणि फोनांत. चित्राबरोबर आपण तेही यंत्राला देऊन बसतो.

'सगळ्यांना कुठे चित्रकला येते?' असं कुणी म्हणेल. काड्यांची माणसं काढू देत की! सहा चौकटी, आणि स्टेजवर उभं राहून मराठीत सांगितलेली गोष्ट, एवढं पुरे. मोठ्यांनी कार्यक्रमाची पोस्टर्स खुशाल एआयवर करावीत.

अल्टश्टाटमध्ये श्ट्रुव्वेलपेटरचं संग्रहालय आहे. एका रविवारी मुलांना तिथे न्या, आणि परतल्यावर त्यांच्या हातात कोरी वही द्या.