एफटी-८ चालू झाले, म्हणजे आपत्तीची तयारी झाली का?

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला, सेट आला, गच्चीवर तारेची अँटेनाही ताणून झाली, की हल्ली नव्या हॅमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लॅपटॉपवर एफटी-८ कसे सुरू करायचे? त्याचे उत्तर इथे देतोच. पण ‘पूर-भूकंपात कामी येईल’ म्हणून जे या छंदाकडे वळले आहेत, त्यांनी तिथेच थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एफटी-८ काय आहे ते पाहू. जोडतारा पल्सारच्या शोधासाठी १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले जो टेलर स्वतः हॅम आहेत. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७ मध्ये ही पद्धत आणली. फ्रँके आणि टेलर यांची आद्याक्षरे म्हणजे ‘एफटी’, आणि आठ सूर वापरते म्हणून ८. दर १५ सेकंदांना एकाने पाठवायचे, पुढच्या १५ सेकंदांत दुसऱ्याने उत्तर द्यायचे. एका संदेशाला लागतात साधारण १२.६ सेकंद आणि जेमतेम ५० हर्ट्झ जागा. कानाला नुसती खरखर ऐकू येते, तेव्हाही सॉफ्टवेअर त्यातून समोरच्याचे नाव शोधून काढते. साध्या अँटेनावर, मोजक्या वॉटमध्ये दुसऱ्या खंडातला हॅम पडद्यावर दिसतो. लोक वेडे का होतात, हे पहिल्या तासाभरात कळते.

सॉफ्टवेअरचे नाव डब्ल्यूएसजेटी-एक्स. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी रास्पबेरी पायवरही चालते. सेटिंगमध्ये आपले कॉलसाइन आणि ग्रिड टाकायचे. ग्रिड म्हणजे आपल्या जागेचा चार अक्षर-अंकांचा पत्ता. पुणे एमके६८ मध्ये येते, नागपूर एमएल९१ मध्ये.

इथवर सगळे सोपे वाटते. माणूस अडकतो तो आवाजात. नव्या सेटला एकच यूएसबी केबल असते आणि तिच्यातूनच आवाज व नियंत्रण दोन्ही जाते. जुन्या सेटला मध्ये इंटरफेसचा छोटा डबा लागतो. ऑडिओच्या पानावर इनपुट आणि आउटपुट या दोन्ही ठिकाणी रेडिओचेच साउंड कार्ड निवडायचे. पण विंडोजचे स्वतःचे डीफॉल्ट स्पीकर मात्र लॅपटॉपचेच राहू द्यायचे. हे विसरलात तर मेल आल्याची ‘टिंग’ थेट हवेत जाऊ शकते. हसू नका, नेहमीची चूक आहे ही.

मग पातळी. बँडवर नुसता गोंगाट असताना डावीकडचा मीटर ३० डेसिबलच्या आसपास ठेवायचा. पाठवताना सेटवरची एएलसीची सुई हलता कामा नये. हलली तर आवाज कमी करा. जास्त जोर लावला की संदेश लांब जात नाही, फक्त शेजारच्यांच्या जागेत घाण पसरते. शिवाय एफटी-८ मध्ये सेट सलग १२ सेकंद पूर्ण जोरात चालतो. त्यामुळे १०० वॉटचा सेट २५-३० वॉटवर ठेवणेच शहाणपणाचे.

नियंत्रणासाठी योग्य कॉम पोर्ट निवडून ‘टेस्ट कॅट’ दाबा. बटण हिरवे झाले की जमले. केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की पोर्टचा नंबर बदलू शकतो. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथेच सापडते.

शेवटचे म्हणजे घड्याळ. ते एका सेकंदाच्या आत बरोबर हवे. पडद्यावर ‘डीटी’ नावाचा रकाना असतो. सगळ्यांचाच आकडा दीड दिसत असेल, तर सगळे जग चुकलेले नाही, तुमचे घड्याळ चुकले आहे.

माझा मुद्दा या घड्याळापासूनच सुरू होतो. ते जुळवते कोण? बहुतेकांच्या घरी इंटरनेट. आणि हॅम रेडिओची खरी गरज पडते ती इंटरनेट गेल्यावर. जीपीएसवरून वेळ घेता येते, पण ती सोय आधी करून ठेवलेले किती असतील? त्याहून मोठी अडचण संदेशाची आहे. एफटी-८ मध्ये मोकळा मजकूर जास्तीत जास्त १३ अक्षरांचा, तोही रोमन लिपीत. ‘सेंड २० ब्लँकेट्स’ इतके इंग्रजीत लिहिले तरी १६ अक्षरे होतात. कॉलसाइन, ग्रिड, सिग्नलचा आकडा आणि निरोप, एवढ्यासाठीच ही पद्धत बनवली आहे. तो तिचा दोष नाही. आपण तिच्याकडून भलती अपेक्षा करतो.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. त्यांच्या रेडिओवरून अंदमानातली खबर बाहेर गेली. अशा वेळी पाठवायची असतात ती माणसांची नावे, गावे आणि औषधांच्या याद्या. १३ अक्षरांत त्या बसत नाहीत.

त्यासाठी एफएलडिजी हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात पीएसके-३१, ऑलिव्हिया, एमएफएसके अशा अनेक पद्धती आहेत. टाइप करा, समोर अक्षरे उमटतात. त्यांना घड्याळाचे बंधन नाही. सोबतचे एफएलएमएसजी ठरावीक नमुन्यातले अर्ज भरून पाठवते आणि वाटेत मजकूर बिघडला तर ते कळवते. केबल नसेल तर लॅपटॉपचा माइक रेडिओच्या स्पीकरसमोर धरूनही संदेश उतरवता येतो. एफटी-८च्याच पायावरचे जेएस८कॉलही मोकळा मजकूर पाठवते, पण वेळ जुळवण्याची भानगड तिथेही आहे.

आणि तुमचे निम्मे काम आधीच झालेले आहे. साउंड कार्ड तेच, पोर्ट तोच, आवाजाची पातळीही थोड्या फरकाने तीच. फक्त दोन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडू नका, कॉम पोर्टवरून त्यांची भांडणे होतात. तुमच्या परवान्याच्या श्रेणीला या प्रकारचे प्रक्षेपण चालते का, तेही आधी पाहून घ्या.

एफटी-८ बंद करा असे मी म्हणत नाही. आता बँड कोणत्या दिशेला उघडा आहे, हे त्याच्याइतके पटकन दुसरे काही सांगत नाही. पण एखाद्या रविवारी घरचे वायफाय बंद करा, लॅपटॉप बॅटरीवर आणि सेट इन्व्हर्टरवर घ्या, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या मित्राला २५ नावांची यादी पाठवून बघा. त्याच्याकडे किती नावे नीट पोहोचली, ते मोजा. आणि दोन्ही सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलर फाइल आजच एका पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. ऐनवेळी त्या डाउनलोड करायला नेट नसणार आहे.